टॅनर्स रोचे पडदे

टॅनर्स रो, थॉर्नशॉ
शुक्रवार, १ डिसेंबर १९५०

प्रिय लेटी,

माझं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच शेकोटीत टाकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शाळेतल्या एका शिक्षिकेकडून लिहून घेतला आहे. ही लबाडी आहे हे मला कळतं. पण आधीच्या पत्रांचं काय झालं तेही मला माहीत आहे.

बातमी ब्रिस्टलच्या पेपरात आली की नाही कोण जाणे. अर्नेस्ट पिलिंगला काल फाशीची शिक्षा झाली. तो ज्या हार्गरीव्हजबाईंकडे खोली घेऊन राहत होता, त्यांना ऑक्टोबरात त्यांच्याच स्वयंपाकघरात शेकोटीच्या सळईने मारलं. आदल्या दिवशी त्याच्या कुत्र्यावरून दोघांचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. आणि खून झाला त्या दुपारी तो कुठे होता, हे त्याला सिद्ध करता आलं नाही.

मी कोर्टात जाऊन बसले होते. आईला शाळेचं काम सांगितलं. अर्नेस्ट फार बारीक झाला आहे. सरकारी वकिलाने त्याला विचारलं, त्या दुपारी कुठे होतात? तो म्हणाला, "टॅनर्स रोमध्ये. म्हाताऱ्या ऑर्मरॉडांना त्या दिवशी दफनाला नेणार होते. ते माझ्याशी कायम नीट बोलायचे."

"मग त्यांच्या घरात गेलात?"

"नाही. मला बोलावणं नव्हतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. त्यांच्या दारासमोर जरा थांबलो."

सरकारी वकील ज्युरीकडे वळला. "भर दुपारी, चाळीस घरांच्या गल्लीतून, एक माणूस चालत गेला. आणि चाळीस घरांतल्या एकाही डोळ्याला तो दिसला नाही."

अर्नेस्टच्या वकिलांनी सांगितलं, की गल्लीत मयत असलं की आमच्याकडे सगळी घरं पडदे ओढून घेतात आणि पुरुष दफनाहून परत येईपर्यंत कुणी बाहेर बघत नाही. त्यावर सरकारी वकील म्हणाला, "चाळीस घरांत एकही चौकस बाई नाही? अशी गल्ली मला बघायची आहे. तिथे घर घेईन म्हणतो." लोक हसले. ज्युरीतलेही दोघे हसले.

होय, लेटी, बाबांना नेलं तीच ती दुपार. पुरुष सगळे दफनाला गेले होते. बायका घरात, पडद्यांच्या आत. पडद्यातून डोकावणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. लहानपणी आपण एकदा डोकावलो तेव्हा आईने लाकडी चमच्याने बोटं सुजवली होती.

शिक्षा आणि फाशी यांच्यामध्ये तीन रविवार जाऊ देतात. फाशीचा दिवस १९ तारखेचा, मंगळवार, सकाळी नऊ.

मला एवढंच कळवायचं होतं. मला यातलं काही माहीत नाही. मी मागच्या स्वयंपाकघरात ग्रिमशॉबाईंबरोबर दफनानंतरच्या जेवणाचं हॅम कापत होते.

बाबांच्या वेळी तुला तार उशिरा पोचली, त्याचं अजून वाईट वाटतं.

तुझी,
एनिड


सोमवार, ४ डिसेंबर

प्रिय लेटी,

तुझी एक ओळ सकाळी आली. 'तू त्याला पाहिलंस का? हो की नाही.' खाली सहीसुद्धा नाही.

नाही. मी पाहिलं नाही.

इथेच पत्र संपवणार होते. पण काल जे झालं ते न लिहिता हे उत्तर पाठवलं तर ते खरं असूनही खोटं होईल.

काल चॅपलमधून आल्यावर आई पेपर घेऊन बसली. अर्नेस्टबद्दल पानभर लिहिलं आहे. वाचता वाचता तिने नाक मुरडलं. "'उर्मट, कुणाची भीडभाड नसलेला इसम' म्हणे. भ्याड म्हणा, आळशी म्हणा, मी कुठे नाही म्हणते. पण उर्मट नाही. दारासमोर टोपी काढली त्यानं. छातीशी धरून उभा राहिला."

"कुणाच्या दारासमोर?"

"चहा थंड होतोय."

"आई, कुणाच्या दारासमोर?"

"शिकवायला लागल्यापासून घरातसुद्धा तोंडी परीक्षा घेतेस. ओत तो चहा."

मी चहा ओतला. टोपीबद्दल कोर्टात कुणी अक्षर काढलं नव्हतं. पेपरातही नाही. मी संध्याकाळी सगळे पेपर पुन्हा काढून पाहिले.

एनिड


शनिवार, ९ डिसेंबर

प्रिय लेटी,

तू लिहितेस, 'तिला बोलायला लाव.' जणू मी पाच दिवस दुसरं काही करत होते.

आईने कबूल केलं. माझ्यापाशी, मोजे विणताना, मान वर न करता. पडदा बाजूला केला नव्हता म्हणते, नुसतं कडेला बोट घातलं होतं. का? तर समोरच्या केरशॉबाईंनी वरच्या खोलीचे पडदे ओढलेत की नाही ते बघायला. "नव्हते ओढले. तुझ्या बापाला नेलं, आणि तिच्या वरच्या खिडकीत लख्ख उजेड. ते बघत होते, तेवढ्यात हा आला."

"पोलिसांना सांग."

"काय सांगू? नवऱ्याची शवपेटी उंबऱ्याबाहेर गेली आणि मी गल्लीतली गंमत बघत उभी राहिले?"

"माणसाचा जीव जातोय, आई."

"माझ्या पोराचा, आर्थरचा जीव लढाईत समुद्रात गेला, तेव्हा हा कुठे होता? तुरुंगात. लढणार नाही, माणूस मारणार नाही म्हणून. सरकारचा दलिया खात."

"म्हणजे ज्यानं मारायला नाही म्हटलं, त्यालाच खून केला म्हणून लटकवतायत. आणि ते खोटं आहे हे तुला माहीत आहे."

तिच्या सुया थांबल्या. मग ती म्हणाली, "तुला शाळा आहे, पुस्तकं आहेत. मला ही एवढी गल्लीच आहे, एनिड."

लेटी, मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी ती मला समजली. दोन्ही एकदम झालं म्हणून मी पुढे काही बोलले नाही. हे माझं नेहमीचं आहे.

मी केरशॉबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी? मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. माझ्या आईची शपथ."

"तुमचे वरचे पडदे उघडे होते."

"कोण म्हणतं?" त्यांनी हाताची घडी घातली. "ज्यानं ते पाहिलं, त्यानं पडद्यातूनच पाहिलं असणार. नाही का? मग तीच जाऊ दे पोलिसांत. ती बोलली की मी बोलते."

आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "आधी तिला जाऊ दे."

मग मी एकेक दार वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. कुणी पाहिलं नाही. एकीने न विचारताच सांगितलं, की तो पिलिंग हल्ली जरा लंगडतो, नाही का? आणि लगेच दार लावलं. अर्नेस्टचा पाय सप्टेंबरात मुरगळला होता. तोवर त्याने आपल्या गल्लीत पाऊल टाकून पाच वर्षं झाली होती, म्हणजे तिने त्याला पाहिलं ते त्या दुपारीच.

आता तारेबद्दल. ती उशिरा पोचली नव्हती, उशिरा पाठवली होती. तू यायला नकोस असं आई म्हणाली, आणि मी ती दफनाच्या दिवशी सकाळी टाकली. तू आली असतीस तर वरच्या खिडकीशी उभी राहिली असतीस, पडदा असो नसो. तू कधीच ऐकायची नाहीस. तू त्याला पाहिलं असतंस आणि न्यायाधीशाच्या तोंडावर सांगितलं असतंस. हे मला रोज सुचतं.

काल शाळा सुटल्यावर मी शहरात फील्डन वकिलांकडे गेले. ते अर्नेस्टचे वकील. मी त्यांना सांगितलं, की मी कामासाठी पुढच्या खोलीत आले होते आणि पडद्याच्या कडेतून अर्नेस्ट पिलिंगला आमच्या दारासमोर, टोपी छातीशी धरून, उभं असलेलं पाहिलं. आधी का बोलला नाहीत, असं त्यांनी विचारलं. लाज वाटली म्हणून, असं मी म्हणाले. "थॉर्नशॉची लाज मला माहीत आहे, मिस ऑर्मरॉड. माझी आई तिथलीच," असं म्हणून त्यांनी कारकुनाला बोलावलं. मी बायबलवर हात ठेवला.

सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त पाहणारी मी नव्हते.

येताना बसमध्ये खोट्या शपथेची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला बरं वाटत होतं.

एनिड


गुरुवार, १४ डिसेंबर

लेटी,

तुझं पत्र मिळालं. त्यातला 'ताई' हा एक शब्द मी किती वेळा वाचला ते लिहीत नाही. पण मी तो परत करायला हवा. पुढचं वाच आणि मग ठरव.

काल इन्स्पेक्टर लोमॅक्स आले. पुढच्या खोलीत बसले, मला खिडकीशी उभं केलं, कुठून पाहिलंत, किती फट होती, सगळं विचारलं. मी आईचं बोट आठवून सगळं नीट सांगितलं. ते मान हलवत होते. मग ते शेजारी ग्रिमशॉबाईंकडे गेले, आणि परत आले तेव्हा ग्रिमशॉबाई त्यांच्या मागे, ओल्या हातांनी.

"सांगा पुन्हा," ते म्हणाले.

"एनिड कुठली पुढच्या खोलीत जाते? ती माझ्याबरोबर होती. जागची हलली नाही. ते हॅम अख्ख्या गल्लीच्या रेशनच्या कूपनांचं होतं, साहेब. मी आणि माझी जाऊ, दोघी तिच्यावर डोळा ठेवून होतो. जाड कापते ती."

जाऊबाईंनीही तेच सांगितलं. अर्नेस्टला पाहिलं हे खरं न बोलणारी गल्ली, मी पाहिलं नाही हे मात्र एका सुरात खरं बोलली.

मी टोपीचं पुन्हा सांगितलं. लोमॅक्स म्हणाले, "मयताच्या घरासमोर कुठलाही माणूस टोपी काढतो, मिस ऑर्मरॉड. मीसुद्धा काढीन." मग जरा थांबून, "तुमच्या बहिणीचं या पिलिंगशी लग्न ठरत होतं, बरोबर?"

मी आईकडे पाहिलं. ती खुर्चीत हात जुळवून बसली होती. त्यांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. रीत असते तशी."

जाताना त्यांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. खोट्या शपथेचा खटला भरणार नाही म्हणाले. "तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो." मी आभार मानले. लेटी, मी त्यांचे आभार मानले.

आज वर्गात मुली नाताळसाठी कागदाच्या साखळ्या चिकटवत होत्या. मी त्यांना दरवर्षी सांगते, की खोटं बोलणाऱ्याचं पुढचं खरंही कुणी मानत नाही. आज ते सांगायला तोंड उघडलं आणि फळा पुसत राहिले.

एनिड


रविवार, १७ डिसेंबर

लेटी,

हा तिसरा रविवार. तू शहरात मैत्रिणीकडे उतरली आहेस, हे कळलं. घरी ये असं म्हणणार नाही.

काल आई पोलिसांत गेली.

सकाळी ती नेहमीसारखी पायरी घासायला बसली. घासून झाली, पायरी उजळायला वर पिवळा दगड फिरवायला घेतला, आणि अर्ध्यातच उठली. आत येऊन काळी हॅट घालायला लागली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "दुकानात दोघी बोलत होत्या. ऑर्मरॉडांची पोरगी शपथेवर खोटं बोलली म्हणून. आम्ही गरीब असू, खोटारडे नाही." हॅटची पिन लावता लावता तिचा हात चुकला. "तू खोटं बोलली नव्हतीस. चुकीचं माणूस बोललं, एवढंच."

ती एकटीच गेली. मला येऊ दिलं नाही. दुपारी एक शिपाई तिला घरापर्यंत सोडून गेला. गल्लीच्या तोंडाशी तो दुसऱ्याला म्हणत होता, "आधी पोरगी, मग आई. उद्या मांजर येईल सांगायला." आईने ते ऐकलं. तिला ऐकू चांगलं येतं.

स्वयंपाकघरात बसल्यावर ती म्हणाली, "सगळं सांगितलं. पडद्यात बोट घातलं तेही सांगितलं. लोमॅक्सला सांगितलं, ज्याला मी लहानपणी नाक पुसताना बघितलंय. आणि त्यानं मला चहा दिला. वर बिस्कीट."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही दमलाय, आजी."

केरशॉबाई काही गेल्या नाहीत. आई बोलली, हे त्यांना ठाऊक आहे. काल दिवसभर त्या दिसल्याच नाहीत.

मी कालपासून हे मनात उलटसुलट करते आहे. मी खोटं बोलले नसते तर आईचं त्यांनी मानलं असतं. पण मी खोटं बोलले नसते तर आई गेलीच नसती. माझ्या खोट्याने तिला बोलतं केलं, आणि त्याच खोट्याने तिचं बोलणं मारलं. मी हुशार समजली जाते. मला याच्या पुढे जाता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजून आहे. टोपी काढून झाल्यावर त्याने आणखी काही केलं, ते आईने पाहिलं. ते तिने लोमॅक्सला सांगितलं आणि काल मला. काय, ते मी इथे लिहीत नाही. उद्या तू त्याला तुरुंगात भेटशील तेव्हा नुसतं विचार: दारासमोर थांबून काय केलंस? त्याच्या तोंडात शब्द घालू नकोस. त्याने सांगितलं की तशीच फील्डनकडे जा. काय पाहिलं ते आईने आज स्वतःच्या हाताने लिहून, पाकीट बंद करून फील्डनच्या घरी पाठवलं आहे. तू सांगेपर्यंत ते फोडू नका असं वर मी लिहिलं आहे. या वेळी तरी मला सगळं नीट करायचं आहे.

एनिड


मंगळवार, १९ डिसेंबर

लेटी,

तुझं पत्र पहाटेच्या टपालाने आलं. पुन्हा त्यात 'ताई' नाही, ते योग्यच आहे.

तो तुला म्हणाला ते मी आईला वाचून दाखवलं. दार वाजवावं म्हणून त्याने एक पाय पायरीवर ठेवला. मग बोलावणं नाही हे आठवून काढून घेतला. बूट ओला होता. आईने सकाळीच दगड फिरवलेल्या पायरीवर ठसा उमटला. म्हणून तो खाली वाकला आणि रुमालाने तो पुसून काढला.

"कडेपर्यंत पुसली," आई म्हणाली. "नीट. बाईमाणसासारखी. म्हणून तर म्हटलं ना मी, उर्मट नव्हता."

तेच शब्द तिने पाकिटात लिहिले होते. फील्डननी तुझ्यासमोर ते फोडलं, लंडनला गृहखात्यात फोन केला, आणि कोणत्या शब्दांत नकार आला ते तू लिहिलंच आहेस. तुरुंगात भेटणारी एक बहीण, खोटी शपथ घेणारी दुसरी, आणि आई. तीन बायकांनी मिळून काहीही जुळवता येतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी शाळेत गेले नाही. सकाळी खाली आले तेव्हा पुढच्या खोलीत अंधार होता. आईने पडदे ओढून घेतले होते. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, काळ्या कपड्यांत. मी कोट घालून बाहेर पडले, पुढच्या दाराने.

समोर केरशॉबाईंचे पडदे ओढलेले. वरचेसुद्धा. त्यांच्या शेजारचे, त्या पलीकडचे, ग्रिमशॉबाईंचे. दोन्ही बाजूंना, शेवटच्या घरापर्यंत, एकही उघडी खिडकी नव्हती. हे कुणी कुणाशी बोललेलं नाही, लेटी. बोलले असते तर मला कळलं असतं.

कोळशाची गाडी उभी होती. कोळसेवाला घरांकडे बघत म्हणाला, "कोण गेलं, मिस?"

"अर्नेस्ट पिलिंग."

"तो? तो कुठे या गल्लीतला?" असं म्हणाला, आणि मग त्याने टोपी काढली.

चॅपलच्या घड्याळात नऊ वाजायला लागले तेव्हा मी गल्लीच्या टोकाला होते. तिथून मी परत फिरले आणि रस्त्याच्या मधोमध चालत आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या दारासमोर थांबले. पायरीवर आज दगड फिरवलेला नव्हता. मागे कुठेतरी पडद्याची कडी तारेवर सरकल्याचा आवाज झाला. मग आपल्या खिडकीच्या पडद्याची कड हलली, एका बोटाएवढी.

तिथे मी किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही. हवं तर चौकशी कर. चाळीस घरं आहेत. मला कुणीही पाहिलेलं नाही.

एनिड